माती, फावडे आणि सैनिक : सेवास्तोपोलच्या वेढ्याची कथा

दिनांक ८ सप्टेंबर १८५५. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील क्रिमिया द्वीपकल्पात, सेवास्तोपोल या रशियन बंदराला पडलेल्या वेढ्यास जवळजवळ एक वर्ष होत आले होते. त्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला फ्रेंच सैनिक आपल्या चरांतून एकदम बाहेर पडले आणि मालाखोव्ह नावाच्या टेकडीवरील बुरुजावर चालून गेले. काही मिनिटांतच ते तटावर चढले. थोड्या वेळाने त्यांचे दोस्त इंग्रज यांनी शेजारच्या रेडान नावाच्या बुरुजावर हल्ला चढविला. इंग्रजांच्या शौर्यात काही उणे नव्हते. परंतु तटापाशी पोहोचण्याच्या आतच त्यांची दाणादाण उडाली. जे थोडे आत शिरले त्यांना मागून कुमक मिळाली नाही आणि दोन तासांच्या आत सारे माघारी लोटले गेले.

एकाच दिवशी, एकाच शत्रूवर, अगदी शेजारी झालेल्या या दोन हल्ल्यांपैकी एक यशस्वी का झाला आणि दुसरा का फसला? याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक कारण मोजपट्टीने मोजता येते. फ्रेंचांचा सर्वांत पुढचा चर मालाखोव्हपासून अवघ्या २५ मीटरांवर होता. इंग्रजांना आपल्या चरापासून रेडानपर्यंत सुमारे २०० मीटर उघड्या रानातून धावत जावे लागले. हा फरक तलवारीचा नव्हता, तोफेचाही नव्हता. तो फावड्याचा होता. एकोणिसाव्या शतकातील वेढ्याचे युद्ध समजून घ्यावयाचे असेल तर आपण या फावड्यापासूनच आरंभ केला पाहिजे.

दगड की माती?

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच डोंगर आणि काळ्या दगडाचा अभेद्य तट उभा राहतो. तोफांचा शोध लागण्यापूर्वी उंची हेच तटाचे बळ होते. शिड्या लावून चढणाऱ्या शत्रूला उंच भिंतच थोपवू शकत असे. तोफ आली आणि हे गणित उलटे झाले. भिंत जितकी उंच, तितकी ती गोलंदाजाला सोपे लक्ष्य ठरू लागली.

लोखंडी गोळा दगडी भिंतीवर आदळला म्हणजे काय होते, ते पाहू. दगड कठीण असतो, पण ठिसूळही असतो. तो वाकत नाही किंवा दबत नाही. म्हणून गोळ्याचा सारा आघात अत्यंत थोड्या वेळात त्याच्यावर पडतो, त्याला तडे जातात आणि त्याच्या कपच्या चहूकडे उडतात. या कपच्याच कित्येकदा गोळ्यापेक्षा अधिक माणसे मारतात. एकाच जागी वरचेवर मारा केला की भिंतीचा पाया ढासळतो, वरचा भाग आपल्याच भाराने कोसळतो आणि त्या ढिगाऱ्यावरून शत्रूला आत येण्यास आयती वाट मिळते.

मातीचे तसे नाही. पाच-सहा मीटर जाडीच्या मातीच्या बांधात गोळा शिरतो, कणांना बाजूला सारतो, त्यांच्या घर्षणात त्याचा वेग हळूहळू जिरतो आणि तो तेथेच रुतून बसतो. भोक पडते, पण तडा जात नाही. रात्री चार माणसांनी फावड्याने माती ओढली की ते भोक बुजते. म्हणून युरोपातील किल्लेदारांनी पंधराव्या-सोळाव्या शतकापासून तट ठेंगणे केले, रुंद केले आणि त्यांच्या पाठीशी मातीची भर घातली.

मातीचे हे सामर्थ्य भारतातही दिसून आले होते. १८०५ साली लॉर्ड लेक याने भरतपूरला वेढा घातला. त्याने चार वेळा एल्गार केले आणि चारही वेळा त्याला मोठी हानी सोसून मागे फिरावे लागले. भरतपूरचा तट मुख्यतः मातीचा, अतिशय जाड व भोवती रुंद खंदक असलेला होता. पुढे १८२६ च्या जानेवारीत तो पडला, तोही केवळ तोफांनी नव्हे, तर तटाखाली पोखरून उडविलेल्या प्रचंड सुरुंगाने.

वेढ्याचे शास्त्र

किल्ला बांधण्याचे जसे शास्त्र होते तसेच तो घेण्याचेही होते. सतराव्या शतकात व्होबाँ या फ्रेंच स्थापत्यविशारदाने या शास्त्राला निश्चित स्वरूप दिले. १६७३ साली मास्ट्रिख्टच्या वेढ्यात त्याने समांतर चरांची पद्धत प्रथम अंमलात आणली.

ही पद्धत थोडक्यात अशी होती. किल्ल्याच्या तोफांचा मारा फारसा परिणामकारक होणार नाही इतक्या अंतरावर, सुमारे ६०० पावलांवर, वेढा घालणारे रात्रीच्या अंधारात तटाला समांतर असा एक लांब चर खणीत. खणलेली माती किल्ल्याच्या बाजूला टाकली म्हणजे तिचाच बांध तयार होई. या पहिल्या समांतर चरात तोफा व शिपाई ठेवून मग तेथून पुढे दुसरा चर नेला जाई. मात्र तो सरळ नेता येत नसे. सरळ नेला तर किल्ल्यावरील एकच गोळा त्याच्या साऱ्या लांबीतून घरंगळत जाऊन डझनावारी माणसे लोळवील. म्हणून पुढे जाणारा चर नागमोडी असे. त्याचे प्रत्येक वळण किल्ल्याच्या तोफांना तिरपे राहील असे आखलेले असे. अर्ध्या वाटेवर दुसरा समांतर चर, तटाच्या अगदी जवळ तिसरा आणि तेथून शेवटचा हल्ला. अशा रीतीने वेढा म्हणजे केवळ शौर्याची कसोटी न राहता भूमितीचे एक उदाहरण झाले होते.

चर खणणाऱ्या शिपायाचे खरे चिलखत म्हणजे टोपली. आपल्याकडे धान्य साठविण्याची कणगी असते, तशी कमरेइतक्या उंचीची, पण बिनबुडाची, काटक्यांनी विणलेली टोपली तो आपल्यासमोर उभी करी आणि मागे बसून तिच्यात माती भरी. भरलेल्या टोपलीतून बंदुकीची गोळी जात नसे. अशा टोपल्यांची रांग उभी राहिली की तिच्यावर झाडांच्या फांद्यांच्या घट्ट बांधलेल्या मोळ्या आणि मातीने भरलेल्या गोण्या रचीत. सेवास्तोपोलच्या वेढ्यात एकट्या फ्रेंचांनी अशा सुमारे ८०,००० टोपल्या, ६०,००० मोळ्या आणि जवळजवळ १० लाख गोण्या वापरल्या. त्यांनी खणलेल्या चरांची एकूण लांबी सुमारे ८० किलोमीटर भरली.

बंदर आणि त्याचा रक्षक

सेवास्तोपोल हे रशियाच्या काळ्या समुद्रातील आरमाराचे मुख्य ठाणे होते. १८५३ साली रशिया व तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. पुढील वर्षी इंग्लंड व फ्रान्स तुर्कांच्या बाजूने त्यात उतरले आणि १८५५ च्या आरंभी सार्डिनियाचे राज्यही त्यांना मिळाले. दोस्तांचे सैन्य १४ सप्टेंबर १८५४ रोजी क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरले आणि २० सप्टेंबरला आल्मा नदीकाठी त्याने रशियनांचा पराभव केला. मग शहराला वळसा घालून ते दक्षिणेकडे आले. रशियनांनी आपलीच जुनी जहाजे बंदराच्या तोंडाशी बुडविली आणि शत्रूच्या आरमाराची वाट अडविली.

समुद्राच्या बाजूला सेवास्तोपोल बळकट होते; तेथे दगडी किल्ले होते. जमिनीच्या बाजूला मात्र तटबंदी अपुरी होती. दोस्तांनी तत्काळ हल्ला केला असता तर शहर कदाचित पडले असते. परंतु त्यांनी शास्त्रोक्त वेढ्याचा मार्ग स्वीकारला आणि अवजड तोफा उतरवून घेण्यात तीन आठवडे घालविले. हे तीन आठवडे एदुआर्द तोत्लेबेन या ३६ वर्षांच्या स्थापत्य अधिकाऱ्याने वाया जाऊ दिले नाहीत.

तोत्लेबेनने दगडाचा नाद सोडून मातीचा आश्रय घेतला. शिपाई, खलाशी, गोदीतील कामगार, शहरातील स्त्रिया व मुले या सर्वांना त्याने कामाला लावले. बुडविलेल्या व नांगरून पडलेल्या जहाजांवरील तोफा आणि खलाशी गोलंदाज बुरुजांवर आले. तोफांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. तोफेच्या तोंडासाठी बांधात ठेवलेल्या खिडक्यांतून शत्रूचे नेमबाज गोलंदाजांना टिपू लागले, तेव्हा खलाशांनी जहाजांच्या जाड दोरखंडांचे पडदे विणले आणि मधोमध तोफेच्या नळीपुरते भोक ठेवून ते खिडक्यांवर टांगले. बंदुकीची गोळी त्या दोरखंडात अडकून पडे.

१७ ऑक्टोबर १८५४ रोजी दोस्तांच्या १२६ तोफांनी जमिनीवरून पहिला मोठा मारा सुरू केला. त्या दिवशी मालाखोव्हवरील जुन्या दगडी मनोऱ्याचा वरचा मजला उद्ध्वस्त झाला आणि रक्षकांचा सेनानी व्हाइस अॅडमिरल कोर्निलोव्ह तेथेच मारला गेला. रेडानवरील दारूचे कोठार उडाले. उलट बाजूला फ्रेंचांचेही एक कोठार उडून त्यांच्या तोफा गप्प झाल्या. संध्याकाळी रेडानची अवस्था अशी होती की तो पुन्हा उभा राहील असे कोणास वाटले नसते. परंतु रात्रभर फावडी चालली आणि सकाळी दोस्तांना पुन्हा तोफांनी सज्ज असा बुरूज दिसला. दिवसा मोडावे आणि रात्री बांधावे, हा क्रम पुढे अकरा महिने चालू राहिला.

खडकावरील चर आणि भूमीखालचे युद्ध

वेढा घालणाऱ्यांची अडचण वेगळी होती. शहराच्या दक्षिणेकडील पठारावर मातीचा थर पातळ असून खाली खडक होता. विशेषतः इंग्रजांच्या वाट्याला आलेल्या भागात काही ठिकाणी कुदळ वीतभरही आत जात नसे. तेथे टोपल्यांत भरावयाची माती दुरून आणावी लागे किंवा सुरुंगाची दारू लावून खडक फोडावा लागे. इंग्रजांच्या सैन्याची संख्याही फ्रेंचांच्या मानाने फार थोडी होती. खणणारे हात कमी आणि राखावयाचा चर लांब अशी त्यांची स्थिती झाली. सप्टेंबर १८५५ मधील ते २०० मीटरांचे अंतर असे निर्माण झाले होते.

जेथे माती खोल होती तेथे युद्ध जमिनीखाली गेले. चौथ्या बुरुजासमोर फ्रेंचांनी तटाखाली भुयारे नेण्यास सुरुवात केली. उलट बाजूने रशियनांनीही आपली भुयारे पुढे काढली. मेणबत्तीच्या मिणमिणत्या उजेडात, गुडघ्यांवर बसून, कोंदट हवेत माणसे खणीत राहत आणि मध्येच थांबून, श्वास रोखून, शत्रूच्या कुदळीचा आवाज ऐकत. आवाज जवळ आला की दारू भरून शत्रूचे भुयार उडवून द्यावयाचे, हा या युद्धाचा नियम होता. सुरुंग पेटविण्यासाठी रशियनांनी विजेच्या घटमालेचा उपयोग केला. तारेतून प्रवाह सोडला की दूरवर ठरल्या क्षणी स्फोट होई. या विभागाचा प्रमुख कॅप्टन मेल्निकोव्ह याला सहकाऱ्यांनी गमतीने ‘मुख्य चिचुंद्री’ अशा अर्थाचे नाव दिले होते. रशियनांनी खणलेली भुयारे कित्येक किलोमीटर भरली आणि त्या बुरुजाखाली फ्रेंचांना अखेरपर्यंत पोहोचता आले नाही.

चरांतील दिवस आणि रात्री

आता या चरांत राहणाऱ्या माणसाकडे वळू. इंग्रज शिपायाची पाळी अनेकदा चोवीस तासांची असे. चरात त्याला दिवसा डोके वर काढता येत नसे, कारण समोर खड्ड्यांत दबून बसलेले रशियन नेमबाज त्याची वाटच पाहत असत. या काळात नळीत पीळ पाडलेल्या बंदुका प्रचारात आल्या होत्या. जुन्या बंदुकीचा नेम शंभर मीटरांपलीकडे भरवशाचा नसे; नवी बंदूक कित्येक शे मीटरांवरील माणूस टिपू शके. म्हणून दिवस निजण्यात व दबून बसण्यात जाई आणि खरे काम रात्री चाले.

कानांनाही शिक्षण मिळाले होते. सपाट मार्गाने येणारा तोफेचा गोळा आणि उखळी तोफेतून आकाशात उंच फेकलेला बाँब यांतील भेद शिपाई आवाजावरून ओळखीत. दोन्ही बाजूंचे पहारेकरी ओरडून इशारा देत. गोळा आला तर खाली वाकावयाचे. बाँब आला तर तो कोठे पडतो हे पाहून दूर पळावयाचे. रात्री बाँबची जळती वात तुटत्या ताऱ्यासारखी दिसे. उखळी तोफेचे भय विशेष होते, कारण तिचा बाँब तटावरून नव्हे तर डोक्यावरून येई आणि कोणताही बांध त्याला आडवा येत नसे. त्यासाठी रशियनांनी जाड ओंडके व त्यांवर मातीचे थर घालून जमिनीत घरे केली होती. लिओ टॉलस्टॉय त्या वेळी तोफखान्यातील तरुण अधिकारी होता. १८५५ च्या वसंतात त्याने चौथ्या बुरुजावर पाळ्या केल्या आणि तेथील अनुभवांवर सेवास्तोपोलविषयीच्या आपल्या कथा लिहिल्या.

अंधार पडला की रशियन टोळ्या गुपचूप बाहेर पडत आणि चरांत शिरून खणणाऱ्यांना कापून काढीत किंवा त्यांची टोपल्यांची रांग उलथून टाकीत. प्योत्र कोश्का नावाचा खलाशी अशा छाप्यांसाठी विशेष प्रसिद्ध झाला. मोठ्या चकमकीनंतर मृतांना उचलण्यासाठी पांढरी निशाणे लावून काही तास युद्ध थांबविले जाई. त्या वेळी कालपर्यंत एकमेकांवर नेम धरणारी माणसे मोकळ्या रानात भेटत, तंबाखूची देवाणघेवाण करीत आणि वेळ संपताच पुन्हा आपापल्या चरांत उतरत.

वादळ, चिखल आणि कच्ची कॉफी

१४ नोव्हेंबर १८५४ रोजी काळ्या समुद्रावर भयंकर वादळ झाले. तंबू उडून गेले, किनाऱ्याजवळ नांगरलेली अनेक जहाजे फुटली. त्यांत ‘प्रिन्स’ नावाचे इंग्रज जहाज हिवाळ्याच्या कपड्यांसह बुडाले. त्यानंतर थंडी आली, पाऊस आला, बर्फ आले. बालाक्लावा या लहानशा बंदरापासून इंग्रजांची छावणी दहा-अकरा किलोमीटरांवर होती. मधली वाट चिखलात नाहीशी झाली. दाणा नसल्याने घोडे मेले. मग शिपायांनाच चरातील पाळी संपवून पाठीवर सामान वाहण्यास जावे लागले. बंदरात माल पडून होता आणि काही कोसांवर माणसे उपाशी मरत होती.

शिपायाला खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे मिळत. कॉफी मिळे, पण ती कच्च्या हिरव्या बियांची. त्या भाजण्यास सरपण नव्हते आणि दळण्यास जाते नव्हते. माणसे रात्रभर गुडघाभर चिखलात उभी राहून परत येत आणि झुडपांची मुळे खणून चूल पेटविण्याचा प्रयत्न करीत. ओले बूट पायांतून काढले तर सुजलेले पाय पुन्हा त्यांत जात नसत. म्हणून कित्येक जण ते काढीतच नसत आणि थंडीने त्यांची बोटे सडत. ताज्या भाज्या व फळे नसल्याने हिरड्या सुजून रक्त वाहू लागे. हा स्कर्व्ही रोग होय. लिंबाच्या रसाने तो टळतो हे इंग्रजांच्या आरमाराला अर्धशतकापासून ठाऊक होते. लिंबाचा रस बालाक्लावात येऊनही पडला होता, परंतु तो वाटण्याचा हुकूम वेळेवर सुटला नाही. ज्ञान होते, ते माणसापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था नव्हती.

या हालांची वार्ता ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याने इंग्लंडात पोहोचविली आणि तेथे मोठा क्षोभ झाला. १८५५ च्या आरंभी खाजगी कंत्राटदारांनी बालाक्लावापासून छावणीपर्यंत लोहमार्ग घातला. जे काम शेकडो घोड्यांना झेपले नव्हते ते काही आठवड्यांत सुरळीत झाले.

तोफेहून मोठा शत्रू

या युद्धात सुमारे २१,००० इंग्रज सैनिक मृत्यू पावले. त्यांपैकी सुमारे १६,००० रोगाने मेले. फ्रेंचांचे मृत सुमारे ९५,००० होते आणि त्यांतही सुमारे तीन-चतुर्थांश रोगाचे बळी होते. म्हणजे ज्या तोफांपासून वाचण्यासाठी एवढी माती उपसली, त्या तोफांनी मारलेल्यांच्या कितीतरी पट माणसे पटकी, हगवण, ज्वर आणि उपासमार यांनी मारली. चर माणसाला गोळीपासून वाचवीत होता. पण गर्दी, ओल आणि मैला यांच्यासह तोच रोगाचे घर बनत होता.

पटकीचे कारण त्या वेळी सर्वमान्य झालेले नव्हते. दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतो अशी बहुतेकांची समजूत होती. त्याच १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकी पाण्यावाटे पसरते याचा पुरावा पुढे आणला आणि फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनीने तिचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. परंतु या शोधांकडे फारसे लक्ष गेले नाही. रॉबर्ट कॉखने इजिप्त व कलकत्ता येथील संशोधनाने १८८४ साली पटकीचा जंतू निश्चित केला, तोवर सेवास्तोपोल पडून एक पिढी लोटली होती.

आजारी इंग्रज सैनिकांना काळ्या समुद्रापलीकडे, इस्तंबूलसमोरील स्कुतारी येथील रुग्णालयात नेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह नोव्हेंबर १८५४ मध्ये तेथे पोहोचली. स्वच्छ कपडे, अन्न व शुश्रूषा यांची तिने व्यवस्था लावली, तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ मरत होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती आणि माणसे दाटीवाटीने कोंबलेली होती. मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवा खेळती केली. गर्दीही कमी झाली. जूनमध्ये हेच प्रमाण शंभरास दोनच्या आसपास उतरले. नाइटिंगेलने युद्धानंतर हे आकडे वर्तुळाकार आलेखांत मांडले आणि राज्यकर्त्यांना दाखवून दिले की, बहुतेक सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते.

रशियनांच्या बाजूला निकोलाय पिरोगोव्ह हा महान शल्यविशारद होता. जखमींचे लोंढे येत तेव्हा जो पुढे दिसेल त्याच्यावर उपचार करण्याची जुनी रीत त्याने सोडली. आधी सर्वांची विभागणी करावयाची : कोणावर तत्काळ शस्त्रक्रिया हवी, कोण थांबू शकतो, कोणाच्या बाबतीत केवळ वेदना कमी करणे शक्य आहे. मोडलेल्या हाडांना प्लॅस्टरचे वेष्टन घालून त्याने अनेकांचे हातपाय कापण्यापासून वाचविले आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचा युद्धात मोठ्या प्रमाणावर उपयोग केला.

दुसऱ्या हिवाळ्यात एक बोधप्रद उलटापालट झाली. पहिल्या हिवाळ्यात फ्रेंचांची व्यवस्था इंग्रजांहून पुष्कळ चांगली होती. १८५५-५६ च्या हिवाळ्यात सुधारलेली इंग्रज छावणी निरोगी राहिली, तर फ्रेंच छावणीत टायफस ज्वराने हजारो माणसे नेली. हवामान तेच होते, भूमी तीच होती. फरक केवळ स्वच्छतेचा व व्यवस्थेचा होता.

एक हिंदी प्रेक्षक

या वेढ्याचे दर्शन एका हिंदी माणसानेही घेतले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर कंपनी सरकारने त्याचे आठ लाखांचे वार्षिक वेतन बंद केले. ते नानासाहेब पेशव्यांना मिळावे म्हणून अजीमुल्ला खान लंडनला गेले होते. अर्ज फेटाळला गेला. परतीच्या प्रवासात, १८५५ मध्ये, ते इस्तंबूलला थांबले आणि तेथून क्रिमियात गेले. १८ जून १८५५ रोजी इंग्रज व फ्रेंच यांचा मोठा हल्ला रशियनांनी परतवून लावला होता, आणि ज्यांनी हे केले ते शहर त्यांना पाहावयाचे होते. रसेलने त्यांची भेट झाल्याचे आपल्या हिंदुस्थानविषयक दैनंदिनीत नमूद केले आहे. दोन वर्षांनी कानपूर येथे नानासाहेबांच्या सैन्याने इंग्रजांच्या ज्या ठाण्यास वेढा घातला, त्याचे संरक्षणही मातीच्या एका ठेंगण्या बांधानेच केले होते. उन्हाने कडक झालेल्या जमिनीत तो नीट उंचही करता आला नव्हता; तरी तो सुमारे तीन आठवडे टिकला.

अखेरचा दिवस

१८ जूनच्या पराभवानंतर फ्रेंच पुन्हा खणू लागले. त्या हल्ल्याच्या वेळी मालाखोव्हपर्यंतचे उघडे अंतर शेकडो मीटरांचे होते; अडीच महिन्यांत ते २५ मीटरांवर आले. दरम्यान तोत्लेबेन जखमी होऊन दूर झाला होता आणि अॅडमिरल नाखिमोव्ह मालाखोव्हवरच गोळी लागून मरण पावला होता. सततच्या माऱ्याखाली रशियनांची रात्रीची दुरुस्ती दिवसाच्या मोडतोडीस पुरी पडेनाशी झाली.

फ्रेंचांच्या ध्यानात आले होते की दुपारी बाराला बुरुजावरील पहारा बदलतो. म्हणून ती वेळ ठरली. तोफेचा इशारा द्यावयाचा नाही. सर्व अधिकाऱ्यांनी आपली घड्याळे आधी जुळवून घ्यावयाची आणि काटा बारावर येताच निघावयाचे. मॅकमाहॉनची तुकडी २५ मीटर धावून तटावर चढली. आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. इतर बुरूज मागच्या बाजूने उघडे होते, म्हणून शत्रू आत शिरला तरी रशियनांना त्याला मागून हुसकता येई. मालाखोव्ह मात्र मागूनही बंद केलेला होता. तो आता फ्रेंचांचा किल्ला झाला, आणि ज्यांनी तो बांधला त्यांनाच तो परत घेता आला नाही. त्या रात्री रशियन सैन्य तरत्या पुलावरून बंदराच्या उत्तर तीरावर निघून गेले. वेढा ३४९ दिवस चालला होता.

वेढ्यानंतर

सेवास्तोपोलने पुढील युद्धांना एक वाट दाखविली. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६४-६५ साली पीटर्सबर्गभोवती, १८७७ साली बल्गेरियातील प्लेव्हना येथे आणि १९१४ नंतर फ्रान्सच्या भूमीवर माणसे पुन्हा मातीत शिरली. प्लेव्हनाला तर वेढा घालणाऱ्या रशियनांनी वृद्ध तोत्लेबेनलाच बोलावून घेतले होते.

दुसरा धडा मात्र इतक्या सहजी आत्मसात झाला नाही. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात इराकमधील कुत येथे वेढल्या गेलेल्या हिंदी सैन्यात मराठा पलटणीही होत्या. तेथील हिंदी शिपायांना त्याच जुन्या स्कर्व्हीने ग्रासले. क्रिमियातील पहिल्या हिवाळ्याला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती.

१४ नोव्हेंबर १८५४ च्या त्या वादळाचा शेवट मात्र चांगला झाला. फ्रान्सच्या युद्धमंत्र्याने पॅरिसच्या वेधशाळेचा संचालक ल व्हेरिए याला त्याची चौकशी करण्यास सांगितले. त्याने युरोपभरातून त्या दिवसांच्या नोंदी मागविल्या आणि दाखवून दिले की वादळ एकाएकी उद्भवले नव्हते. ते युरोप ओलांडून पुढे सरकत आले होते. तारायंत्राने आगाऊ सूचना देता आली असती. १८५५ च्या फेब्रुवारीत त्याने तारायंत्राने जोडलेल्या वेधशाळांची योजना मांडली आणि आज हवामानाची जी सूचना आपण रोज ऐकतो तिच्या मुळाशी असलेल्या कार्याला त्यातून चालना मिळाली.

सेवास्तोपोलच्या वेढ्यात दोन गणिते एकाच वेळी मांडली जात होती. एक होते मीटरांचे. ते सेनापतींना पाठ होते, आणि दर रात्री त्यात दोन-चार मीटरांची भर पडत होती. दुसरे होते माणसांचे : किती जेवले, किती कोरड्यात निजले, किती स्वच्छ पाणी प्याले. हे दुसरे गणित कोणी वेळेवर मांडले नाही. आणि जेव्हा ते मांडले गेले तेव्हा असे दिसून आले की, बहुतेक माणसे शत्रूने नव्हे, त्या न मांडलेल्या हिशेबाने मारली होती.